बाटलीतली मुंगी

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. न विकल्या गेलेल्या दोन कपाटांवर पोरे चढून बसली होती, मोठी माणसे भिंतीला पाठ लावून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या टेबलावर खिळले होते. टेबलावर काळे कापड आणि कापडावर ती बाटली.

बाटली तशी साधीच. पोट गोल, मान लांब, तोंड इतके अरुंद की माझा अंगठा आत गेला नसता. पण आत, सोनेरी पाण्यात, अख्खे नासपतीचे फळ उभे होते. देठासकट आणि माझ्या मुठीएवढे.

"काचेला चीर नाही!" टेबलामागचा माणूस ओरडला. "जोड नाही! या, हात फिरवा, आपल्याच बोटांना विचारा! तुम्ही म्हणाल, बाबा, फळ आत गेलं कसं? अहो, मी बोलावलं, ते गेलं! आणि जो काचेतून फळ आत नेतो, त्याला कातडीतून रोग बाहेर काढणं काय अवघड?"

त्याने स्वतःचे नाव काहीतरी लांबलचक सांगितले होते. आमच्या गल्लीने पहिल्याच दिवशी त्याचा बाटलीबाबा करून टाकला. मात्र नाव ठेवणारेच आता रांगेत उभे होते. बाबा प्रत्येकाच्या जिभेवर ड्रॉपरने थेंब सोडायचा आणि विचारायचा, "छातीत ऊब आली? आली ना? रोग जळतोय!"

घड्याळे दुरुस्त करणारा माझा जुना मित्र थेंब घेऊन परतला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, ऊब तर झकास आली. परत रांगेत लागू का?"

"आणि हे बघा," बाबाने बाटली उंच धरली. "फळाचं डोकं काळं पडत चाललंय! का? तुमचे रोग शोषून घेतंय बिचारं!"

गर्दीतून हळहळ उमटली. एका बाईने त्या फळासाठी डोळे पुसले.

तेवढ्यात एक बारीक आवाज आला, "बाबा, आत मुंगी आहे."

आवाज भिंगरीचा होता. ती शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. आनंद झाला की स्वतःभोवती गरगर फिरते, म्हणून भिंगरी. दुपारी माझ्या पुढच्या खोलीत मुले जमतात, आम्ही लोहचुंबके, आरसे, बिया घेऊन बसतो, त्यातली ही सगळ्यात चौकस. माझे एक भिंग कायम तिच्या खिशात असते. आत्ता ती ते भिंग डोळ्याला लावून बाटलीच्या तळाशी बघत होती.

"मेलेली आहे," ती म्हणाली. "फळाला तुम्ही बोलावलं. मग मुंगीलाही बोलावलं होतं का?"

कपाटावरची पोरे खिदळली. पण बाबाही मुरलेला होता.

"मुंगी भक्त आहे! फळामागोमाग धावत आली!"

"पण मग ती काचेतून..."

"बघा!" बाबाचा आवाज चढला. "या पोरीच्या अंगात शंका शिरलीय. हाच हिचा रोग. आई कोण हिची? थेंब दुप्पट करा!"

तिच्या आईने तिला दंडाला धरून मागे ओढले. मी हसलो. आणि तिथून निघून सरळ आक्काकडे चहाला गेलो.

आक्का माझी थोरली बहीण. आयुष्यभर इस्पितळात सिस्टर होती. गल्लीत कुणाला भाजले, कापले, कुणाच्या गोळीवरचे नाव वाचता आले नाही, की पाय तिच्या दाराकडे वळतात. मी सत्तरी ओलांडली तरी ती मला बाळ म्हणते. मी तिला बाबाची नक्कल करून दाखवली आणि भिंगरीचा प्रश्न सांगितला. एरवी ती खळखळून हसली असती. तिने नळ बंद केला.

"बाटलीच्या मानेला काही बांधलंय का रे?"

"लाल लोकर. का?"

"काही नाही," ती म्हणाली आणि घासलेलाच कप पुन्हा घासायला घेतला.

मी मागच्या दाराशी गेलो. परसात जायच्या दाराला कुलूप होते.

"कुत्री शिरतात," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढे मला कळले. पण मी विचारले नाही. बाबा हा मला तोवर निव्वळ गमतीचा विषय वाटत होता.

ही गंमत पुढच्याच आठवड्यात संपली. दुपारी मुले काचेच्या तुकड्यातून इंद्रधनुष्य पाडत होती आणि भिंगरी बोलता बोलता थांबली. डोळे वर गेले, अंग ताठ झाले आणि ती जमिनीवर कोसळून झटके देऊ लागली. तिला आकडी येते हे मला माहीत होते, पण रोजच्या गोळीमुळे ती आटोक्यात होती. माझ्याकडे येऊ लागल्यापासून एकदाही आली नव्हती. एका मुलाला मी आक्काकडे पिटाळले, दुसऱ्याला तिच्या आईकडे.

आक्का आली तशी गुडघ्यांवर बसली. भोवतालच्या वस्तू बाजूला सरकवल्या आणि भिंगरीला कुशीवर वळवले. कुणीतरी चमचा आणला होता, तो तिने दूर फेकला. "तोंडात काही घालायचं नाही! धरून ठेवू नका तिला." झटके ओसरले, श्वास सुरळीत झाला, तेव्हा धापा टाकत आई पोहोचली.

"गोळी चुकली का गं?" आक्काने विचारले.

आई मुलीचा फ्रॉक सारखा करू लागली.

"विचारतेय मी."

"बंद केलीय. बाबा म्हणाले, गोळ्या नि थेंब एकत्र चालत नाहीत. रोज सकाळी उपाशीपोटी, त्यांनी दिलेल्या शिशीतले थेंब देते मी."

आक्काचा भिंगरीच्या केसांवरचा हात तिथेच थबकला.

"हिला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

"आधी बाबांकडे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "हिनं शंका घेतली ना, म्हणून झालं हे. त्यांची माफी मागायला हवी." आणि अर्धवट शुद्धीतल्या मुलीला खांद्यावर टाकून ती फर्निचरच्या दुकानाकडे धावत सुटली.

आक्का जमिनीवरून उठली नाही.

"बाळ," ती म्हणाली, "ती बाटली माझी आहे."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"पहिल्या दिवशी दुकानाच्या खिडकीतून दिसली तेव्हाच ओळखली. तुला लोकरीचं विचारलं ते नुसती खात्री करायला; ती मीच बांधलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? की सिस्टर घरी दारूत फळं मुरवते? आणि तुझ्यासमोर? इतकी वर्षं तुझी दारूविरुद्धची भाषणं ऐकतेय मी. थंडीत घोटभर घेते, तर कुलूप लावून घेते." ती भिंतीला धरून उठली. "चल. फळ आत कसं जातं ते तिथंच सांगते. एकदाच बोलण्याएवढं बळ आहे माझ्यात."

आम्ही पोहोचलो तेव्हा भिंगरी काळ्या कापडासमोर आईच्या मांडीवर पडली होती आणि बाबा ड्रॉपर भरत होता.

"थांब," आक्का म्हणाली.

गर्दीने तिला वाट दिली. सिस्टरना सगळेच वाट देतात. तिने मुलीच्या आणि ड्रॉपरच्या मध्ये आपला तळहात धरला.

"हा गेल्या वर्षी माझ्याकडे रिकाम्या बाटल्या विकायला यायचा. तेव्हा दाढी नव्हती. माझ्या कपाटातली ही बाटली बघून म्हणाला, आक्का, काय कला आहे हो, एक द्या ना घरात शोभेला ठेवायला. मला बरं वाटलं. आजवर कुणी बघितलंच नव्हतं, कौतुक कुठून होणार? दिली. वर म्हटलं, कुणाला सांगू नकोस; म्हणूनच हा इथं निर्धास्त बसला. आत दारू आहे. दुकानातली साधी दारू, तिच्यात फळ मुरवलेलं. तुम्हाला येते ती ऊब दारूची."

गर्दीतला बेकरीवाला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही? तुमच्या घरी दारू?" मागे कुणीतरी फिस्कन हसले. आक्काची मान खाली गेली.

बाबाने ती संधी सोडली नाही. "दारूबाजांच्या तोंडी लागत नाही मी! बाई, तुमची बाटली ना? मग घाला फळ आत! आत्ता, सगळ्यांसमोर!"

"आत्ता घालता येत नाही," आक्का म्हणाली. "पण आत जाताना दाखवता येतं. चला माझ्या परसात."

बाबा काही बोलणार, तोच माझ्या घड्याळवाल्या मित्राने टेबलावरची बाटली उचलून काखेत मारली. "पुरावा," तो गंभीरपणे म्हणाला. त्याच्यामागे सारी गर्दी निघाली.

आक्काने कमरेची किल्ली काढली. परसाचे कुलूप उघडून ती बाजूला झाली.

परसात नासपतीचे एक बुटके झाड होते. त्याच्या फांद्यांना बाटल्या लटकत होत्या. प्रत्येकीच्या मानेला लाल लोकर बांधून ती फांदीला अडकवलेली. प्रत्येक मानेतून एकेक डहाळी आत गेलेली. आणि प्रत्येक बाटलीत, डहाळीच्या टोकाला, अंगठ्याएवढे कोवळे हिरवे फळ.

पुढची माणसे वाकून बाटल्यांत बघू लागली, मागची टाचा उंचावू लागली.

"फूल गळलं की फळ वाटाण्याएवढं असतं," आक्का सांगू लागली. "तेव्हा त्याच्यावर बाटली सरकवायची नि बांधून ठेवायची. पुढं ते आतच वाढतं. पिकलं की देठ कापायचा, बाटली धुवायची, वरपर्यंत दारू भरायची नि अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. फळ पूर्ण बुडलेलं राहिलं पाहिजे. ह्यानं थेंब वाटत वाटत पातळी खाली आणली, डोकं उघडं पडलं, म्हणून ते काळं पडलं. चिरलेलं सफरचंद ताटात ठेवा, तेही काळं पडतं. ते काय कुणाचे रोग ओढतं?"

"तरीच ऊब!" माझा मित्र म्हणाला. या वेळी मात्र हसू ओसरले तेव्हा सगळ्यांचेच चेहरे पडलेले होते. ज्या बाईने फळासाठी डोळे पुसले होते, ती आपल्या पायांकडे बघत होती.

मग आईच्या खांद्यावरून भिंगरीचा थकलेला आवाज आला.

"आई, बघ ना. मुंगी."

फांदीवरून मुंग्यांची एक रांग उतरत होती. त्यातली एक वळली, लोकरीवर चढली आणि डहाळीवरून चालत बाटलीत शिरली.

"ती चालतच गेली," भिंगरी म्हणाली.

आम्ही परत गेलो तेव्हा दुकानात काळे कापड तेवढे उरले होते. पण त्याआधी परसात जे झाले, ते मला सांगितलेच पाहिजे, कारण बाबा पळून गेला म्हणजे सगळे निस्तरले असे नाही. भिंगरीची आई आक्कासमोर उभी राहिली.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"गोळ्या बंद करू का, हे विचारायला आले होते मी तुमच्याकडे. दार वाजवलं होतं. तुम्ही उघडलं नाहीत."

"ऐकलं होतं मी," आक्का म्हणाली. "पडद्याआड उभी होते. वाटलं, बाबाचं विचारायला आली असशील."

मुलीला घेऊन आई दवाखान्यात गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितले की अशा गोळ्या एकदम थांबवणे फार धोक्याचे, त्यात उपाशीपोटी दारू दिली होती. थोडक्यात निभावले.

ती बाटली आता माझ्या खोलीत मुलांच्या टेबलावर असते. फळाचे डोके काळेच आहे, मुंगी तळाशी आहे. नवे मूल आले की भिंगरी त्याच्या हातात भिंग देते आणि उत्तर सांगत नाही. मी मुलांना एवढेच सांगतो, आणि त्यांच्या आईबापांनाही. चमत्कार दाखवणाऱ्याला साधा प्रश्न विचारा. ज्याच्याकडे उत्तर असते, तो उत्तर देतो. ज्याच्याकडे नसते, त्याचा आवाज चढतो आणि तो तुमच्यातच खोट काढतो. डॉक्टरांनी दिलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. आणि ज्याला खरे माहीत आहे, त्याने ते वेळेवर सांगावे, मग लोक त्याला हसले तरी हसोत. बाबाचे दुकान त्याच्या बडबडीवर जेवढे चालले, तेवढेच आक्काच्या गप्प बसण्यावर चालले. आणि आक्का गप्प बसली, त्यात माझ्या भाषणांचाही वाटा होता. म्हणून हल्ली मी बोलतो कमी, विचारतो जास्त.

भिंगरीची आई कितीतरी दिवस आक्काच्या दारावरून मान वळवून जात होती. परसाचे कुलूप आक्काने काढून टाकले होते आणि दुपारची झोपही सोडली होती. पुढच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायची.

एका दुपारी मी तिथेच चहा पीत होतो. दारावर थाप पडली. दुसरी पडायच्या आत आक्काने दार उघडले.

बाहेर भिंगरीची आई होती. हातात गोळ्यांचे पाकीट.

"हिला ताप आलाय," ती खाली बघत म्हणाली. "तापाच्या औषधाबरोबर ही गोळी चालते का?"

"ही चुकवायची नाही," आक्का म्हणाली. "तापाचं डॉक्टरांना विचारू. थांब, चप्पल घालते."