साडेचौदा इंच

"तनक ढीलो पकरो, साब," हरप्रसाद तिसऱ्यांदा म्हणाला. "गेंद ने का बिगारो है तुमाओ?"

कमलाकरराव आठल्ये यांनी मूठ सैल केली. निदान केली असे त्यांना वाटले. सात नंबरचा क्लब वर गेला, वेगाने खाली आला आणि चेंडूच्या चार बोटे मागे जमिनीत रुतला. माती त्यांच्या नव्या पांढऱ्या बुटांवर उडाली. चेंडू जिथल्या तिथे होता.

हरप्रसादने डोक्यावरचा गमछा सारखा केला. छावणीलगतच्या या नऊ होलच्या गोल्फच्या मैदानावर तीस वर्षे त्याने साहेब लोकांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. उन्हाळ्यात इथे गवत टिकत नसे, म्हणून होलभोवती हिरवळीऐवजी तेल मुरवलेल्या वाळूचा गोल असे. त्या मैदानाचा खडान् खडा त्याला ठाऊक होता.

"जौ हथौड़ा नइयां, साब. मेला में मोड़ा की उँगरिया पकरत हौ न, बस ऊसई. कस कें पकरो तो मोड़ा रोउत, छोड़ दो तो हिरा जात."

घरी येताच कमलाकररावांनी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'पकड – जत्रेत पोराचे बोट धरावे तशी. आवळले तर पोर रडते, सोडले तर हरवते. (ह. प्र.)'

त्यांचे वय सहासष्ट. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन ते झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागले ते निवृत्त होईपर्यंत वॅगनची चाके तपासत राहिले. केसभर कमी भरलेले चाकही त्यांच्या हातून कधी सुटले नाही. गोल्फही त्यांनी त्याच शिस्तीने शिकायला घेतले. नगरा भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर खडूने दोन पावले आखली, त्यांच्यामध्ये अठरा इंच अंतर ठेवले आणि डोके हलते का हे कळावे म्हणून समोर ओळंबा टांगला.

वाळवणाचे ताट घेऊन वर आलेल्या अरुंधतीबाई दारातच थबकल्या.

"अहो, ही पावलं कुणाची? गौरी यंदा गच्चीवरून यायच्यात की काय?"

"पुसू नकोस. मोजून काढलीत."

"मला काय पडलंय पुसायला! पण त्या आल्या, तर हा ओळंबा बघून माघारी जातील हो."

कमलाकरराव हसले नाहीत. पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलाने, सुमेधने, वाढदिवसाला गोल्फची पिशवी पाठवली होती आणि फोनवर म्हटले होते, "बाबा, दिवाळीत येतोय. नऊ होल खेळू, आपण दोघं. तोवर प्रॅक्टिस करून ठेवा." आपण दोघं! अडतीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकले असतील, तर त्यांना ते आठवत नव्हते. नऊ होल म्हणजे दोन-अडीच तास. शेजारी शेजारी चालायचे, एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही. बावीस वर्षे न बोललेली एक गोष्ट तेवढ्यात बोलून होईल, असा त्यांचा हिशेब होता.

"सांगायचंच आहे तर जेवताना सांगा ना," अरुंधतीबाई म्हणाल्या. नवऱ्याने काही न सांगताही त्यांना ते कळत असे. "त्यासाठी इतकी माती कशाला उकरायची?"

"जेवताना तू असतेस."

अरुंधतीबाईंनी ताट उन्हात सरकवले. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हाही होते."

त्या वेळी सुमेध सोळा वर्षांचा होता. झाशीत पोर चालायला लागले की हॉकी खेळायला लागते. पण सुमेधचे खेळणे त्यापलीकडचे होते. लखनौच्या शिबिरासाठी निवड झाल्याचे पत्र आले, तेव्हा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला तीन महिने उरले होते. कमलाकरराव ओरडले नाहीत, त्यांनी हातही उगारला नाही. मानिक चौकाच्या बाजारातून आईने सुमेधला आणून दिलेली हॉकी स्टिक त्यांनी वर्कशॉपमध्ये नेली, शिकंज्यात पकडली आणि करवतीने कापली. वाकडे टोक भट्टीत गेले. मुठीकडचा भाग त्यांनी कानशीने घासून घरी आणला आणि सुमेधच्या खोलीतल्या, वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकू म्हणून बसवला. माप आधीच घेतलेले होते : साडेचौदा इंच. काम चोख झाले होते. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी त्यांना त्या कामाचे समाधानही वाटले होते.

शाळेतून आलेल्या सुमेधने खिडकीकडे पाहिले आणि तो अभ्यासाला बसला. परीक्षेत तो चांगल्या गुणांनी पास झाला. पुढे सगळेच नीट झाले. त्यामुळे चूक कुठे झाली, हे कोणी दाखवून दिले नाही.

पाडव्याच्या सकाळी बापलेक मैदानावर उतरले. हवेत गारवा होता. हरप्रसाद दोन्ही पिशव्या घेऊन मागे उभा राहिला.

"पहले आप, बाबा."

कमलाकररावांनी पावले जुळवली, मूठ सैल केली. चेंडू उडाला. फार नाही, ऐंशी पावले असेल; पण सरळ गेला.

"वा! अहो, चांगलं खेळता तुम्ही," सुमेध मनापासून म्हणाला. त्या क्षणी कमलाकररावांना चार महिन्यांची माती वसूल झाल्यासारखे वाटले.

मग सुमेध उभा राहिला. त्याचा क्लब खांद्यावर गेलाच नाही. कमरेपासून मनगटाचा एक झटका बसला आणि चेंडू जमिनीलगत सणसणत दूर गेला. हरप्रसादचे डोळे चमकले.

"भैया, हॉकी खेले हौ तुम! कलाई बता रई."

सुमेध हातमोजा ओढून नीट करू लागला. "नहीं," तो म्हणाला. "कभी नहीं."

आवाजात राग नव्हता. असता, तर कमलाकररावांना ते सोपे गेले असते.

चार होल झाले. सुमेध पुण्याच्या रहदारीबद्दल बोलला, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला. कमलाकरराव हुंकार देत राहिले. आखलेले वाक्य ते प्रत्येक होलला मनात जुळवत आणि पुढच्या होलवर ढकलत. पाचव्या होलवर त्यांचा चेंडू सुकलेल्या गवतात थांबला होता. ते त्याच्याशेजारी उभे राहिले आणि मान वर न करता म्हणाले,

"सुमेध, ती तुझी स्टिक... तेव्हा मी..."

"बाबा, पहले शॉट. पीछे लोग खड़े हैं."

खरोखरच मागे दोन जण ताटकळले होते. सुमेध त्यांना हात करायला वळला. कमलाकररावांनी क्लब चेंडूमागे टेकवला. तो टेकवतानाच पाते चेंडूला लागले आणि चेंडू बोटभर पुढे घरंगळला. हरप्रसाद पुढे झेंड्याकडे पाहत होता. कोणाच्याही लक्षात आले नाही.

कमलाकररावांनी वाकून चेंडू मूळ जागी ठेवला आणि ते ताठ झाले.

"माझा चेंडू हलला. दंडाचा एक फटका वाढव."

"जाने दो न, बाबा. किसने देखा?"

"मी पाहिलं."

"इंचभर हलला असेल. कोण विचारतंय?"

"इथं पंच नसतो, सुमेध. कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचं असतं." त्यांनी सुमेधच्या हातातल्या, फटके मांडायच्या कार्डाकडे बोट दाखवले. "माझ्या हातून झालं. तू नाही, दुसऱ्या कुणी नाही, माझ्या हातून. मांड."

सुमेधची पेन्सिल कार्डावर थांबली. तो वडिलांकडे पाहत राहिला, नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ. मागच्या लोकांपैकी कोणीतरी खाकरले.

"मांडलं, बाबा," तो म्हणाला. एवढेच. मग उरलेले चार होल झाले. नवव्या होलच्या चढावर कमलाकररावांना दम लागला, तेव्हा सुमेधने त्यांच्या हातातला क्लब घेतला आणि वर पोहोचेपर्यंत तो स्वतःकडेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याला स्टेशनवर सोडून आल्यावर कमलाकरराव त्याच्या खोलीत गेले. पलंगावरची चादर घडी घालून ठेवलेली होती. टेबलावर कालचे कार्ड होते. पाचव्या होलपुढे वडिलांच्या रकान्यात 'आठ अधिक एक' असे मांडलेले. खिडकी उघडी होती आणि टेकू आपल्या जागी होता. दोन दिवस राहिलेल्या मुलाने तो स्वतःच्या हाताने रोज लावला असणार, रोज काढला असणार.

त्यांनी टेकू काढला. खिडकी आपोआप मिटली. मुठीवरची काळी कापडी पट्टी विरली होती. पण चार बोटांच्या जागा अजून दबलेल्या दिसत होत्या. त्यांनी तिथे आपली बोटे ठेवून पाहिली. मावत नव्हती. मूठ आवळली जाऊ लागताच त्यांनी ती सैल केली.

"अहो," खालून अरुंधतीबाईंची हाक आली, "खिडकी कशाला लावली? जिन्यात काही दिसत नाहीये."

"उघडतो," ते म्हणाले.

त्यांनी खिडकी ढकलली आणि टेकू परत लावला. तो नेमका बसला. बावीस वर्षांत लाकूड तसूभरही आटले नव्हते.