बाजेखालची जागा

माझ्या आईशी, गोजराबाईशी, वाद घालणं म्हणजे आपलंच डोकं आपण फोडून घेणं. मी तिचीच लेक, तोंडाला मीही काही कमी नाही, पण तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही. भाग्यश्रीच्या बाळंतपणात तेवढं चालायला हवं होतं.

भाग्यश्री म्हणजे माझा भाऊ सावळीराम याची एकुलती एक मुलगी. ती रांगती असताना तिची आई गेली. तेव्हापासून पोरीला माझ्या आईनेच न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं, लग्न लावून दिलं. मी नाशकात, इंदिरानगरला राहते, फुलं विकते. पण माझा अर्धा जीव गावात असायचा, तो त्या पोरीपायी. गाव आमचं कळवणच्या बाजूला, डोंगराला टेकून. घरं जुनी, दगडमातीची, हातभर जाडीच्या भिंती आणि वर कौलं.

किल्लारीचा भूकंप होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात आमच्या गावाला हादरे बसायला लागले. आधी जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, मग मांडणीवरची ताटं वाजायची, कौलांतून माती गळायची, आणि क्षणात सगळं गप्प. कोणी म्हणे डोंगरात सुरुंग लावतात, कोणी म्हणे देवीचा कोप. शेवटी तहसीलची जीप आली. साहेबांनी देवळापुढे सगळ्यांना बसवून सांगितलं की माळ्यावरचं जडजूड खाली काढा, रात्री घरात निजू नका, हलायला लागलं आणि बाहेर पळता आलं नाही तर डोकं झाकून खाटेखाली शिरा, आणि एकदा बाहेर आलात की भेगाळलेल्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका. लोकांनी माना डोलावल्या. खळ्यांत ताडपत्र्या ताणल्या गेल्या, सगळं गाव उघड्यावर निजू लागलं.

या सगळ्या धांदलीत भाग्यश्री बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मुलगा झाला, काळ्याभोर जावळाचा.

आता बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते खेड्यातल्या बायांना सांगायला नको. घरातली सगळ्यात आतली, अंधारी खोली. खिडकी गोधडीने बुजवलेली, म्हणजे वाऱ्याची झुळूक नको. तिथे सुंभाने विणलेली बाज, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सुंभातून ऊब वर येते, बाळ-बाळंतिणीची पाठ शेकते. मीही माझ्या वेळी तशीच शेकून निघाले होते.

निरोप कळला तशी मी पहिली एसटी पकडून गावी गेले. बाळ बघितलं, दृष्ट काढली, आणि लगेच भांडायला उभी राहिले. म्हटलं, सगळं गाव बाहेर निजतंय आणि ओली बाळंतीण तेवढी आत? हिला मी नाशकाला नेते. माझी खोली एवढीशी आहे, पण तिथली जमीन हलत नाही.

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेगडीतली राख झटकत म्हणाली, "सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाय. ही थंडी बघ. गार वारं अंगात शिरलं तर पोर जलमभर भोगील."

मी म्हटलं, जन्म तरी राहायला हवा ना. त्यावर ती अशी काही बोलली की शेजारच्या अंबूबाईने कुंपणावरून मान वर केली. मीही मग गप्प बसले नाही. तुला पोरीपेक्षा रीत मोठी झालीय, असं मी सख्ख्या आईला म्हणाले. ते खरं नव्हतं. पोरीसाठीच तिचा जीव तुटत होता, आणि म्हणूनच ती ऐकत नव्हती.

सावळीराम बिचारा मध्ये सापडला. माझा भाऊ देवमाणूस, पण आईपुढे त्याची मान वर होत नाही. त्याने मधला मार्ग काढला. बाराव्या दिवशी बारसं उरकू, मग ताई, तू हिला घेऊन जा. मी कबूल झाले. तोवर काही होत नाही, असं मनाला बजावलं.

आणि खरं सांगायचं तर त्याने आपल्या परीने काही कमी केलं नाही. साहेब बोलले ते सगळं केलं. माळ्यावरच्या लोखंडी पाती, बियाण्याची पोती, तांब्याचा हंडा, सगळं खाली उतरवलं. भिंतीला लागून असलेली बाज मधोमध घेतली. आणि येता-जाता लेकीला पढवायचा, की हलायला लागलं की बाळाला छातीशी धरायचं आणि सरळ बाजेखाली घुसायचं, दाराकडे पळायचं नाही. भाग्यश्री हसायची. "दादा, पाठ झालं मला, परीक्षा घ्या," म्हणायची. तो खरोखर परीक्षा घ्यायचा, आणि ती बाजेवरून एक पाय खाली सोडून दाखवायची.

सकाळ-संध्याकाळ आम्ही त्या खोलीत जात होतो. मी, भाऊ, आई, शेजारणी. सगळ्यांना बाज दिसत होती, सगळ्यांना शेगडी दिसत होती. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघायची अक्कल आमच्यातल्या एकालाही झाली नाही. आजही आठवलं की माझं माझ्यावरच डोकं फिरतं.

मी नाशकाला जाऊन बारशाच्या आदल्या दिवशी झेंडू आणि शेवंती घेऊन परत आले. सकाळची वेळ. आईने बाळाला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून भाग्यश्रीच्या कुशीत दिलं होतं, बाजेखाली रसरशीत शेगडी सरकवली होती, आणि धुरीसाठी ओवा आणायला ती मागच्या दारी गेली होती. सावळीराम कांद्याच्या रानात. मी ओसरीवर बसून माळा ओवत होते.

आवाज आला. या वेळी गुरगुर नव्हती, जमिनीखालून मालट्रक जावा तसा धडधडाट होता. मी अंगणात उडी टाकली कशी, मला आठवत नाही. भाग्यश्री, भाग्यश्री म्हणून ओरडत होते. कौलं सरसरत खाली आली, आणि माझ्या डोळ्यांदेखत घराची मागची भिंत आत बसली. मग नुसती धूळ. आई मागच्या अंगणात पालथी पडली होती, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

धूळ बसायच्या आत बाळाचं रडणं ऐकू आलं. मला रडूच कोसळलं, म्हटलं पोर घुसली बाजेखाली, वाचली. लोक ओरडत होते की आत जाऊ नका, पुन्हा हलेल. शेजारचा सहादू कोणाचं न ऐकता आत शिरला, त्याच्यामागे मी. सावळीराम रानातून धावत आला आणि हातांनी दगड उपसायला लागला. मध्ये एकदा जमीन पुन्हा हलली, माती आमच्या डोक्यावर पडली. कोणी बाहेर गेलं नाही.

भाग्यश्री गुडघ्यांवर होती. डोकं, खांदे आणि हात तेवढे बाजेखाली, बाकी सगळी बाहेर, आणि पाठीवर भिंत. तिच्या छातीखाली बाळ होतं, त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. शेगडी पार पलीकडे उलटी पडलेली. निखारे तिने हातांनीच लोटले होते. बाळापुरती जागा झाली, तिच्यापुरती करायला वेळ मिळाला नाही.

आईला बायांनी खळ्यात नेऊन बसवलं होतं, बाळ तिच्याकडे धाडलं. सहादूने कोणाची तरी जीप आणली. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं, पायांशी सावळीराम. वाटेत तिने डोळे उघडले.

"दादांनी सांगितलं तसंच करत होते, आत्या. पण खाली विस्तव होता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाळाला नाही ना भाजलं?"

मी नाही म्हटलं. पुढे ती बोलली नाही. दवाखाना यायच्या आतच ती गेली. गाडी तिथूनच मागे वळवली.

परतीच्या वाटेवर मी माझ्या लुगड्याच्या पदराची किनार फाडून तिच्या दोन्ही हातांना गुंडाळली आणि भावाला, सहादूला बजावलं, की हे आईला कळता कामा नये. शेगडी आईने सरकवली होती. हे तिला कळलं तर ती जगायची नाही, आणि जगली तरी रोज मरेल. सहादूने मान हलवली. सावळीराम बाहेर बघत बसला होता, त्याला कितपत ऐकू गेलं कोण जाणे.

आई खळ्यात ताडपत्रीखाली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आमच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "लय त्रास झाला का गं तिला?"

"नाही गं आई," मी म्हटलं. "डोळा लागला होता तिचा. झोपेतच भिंत पडली, तिला काही कळलंच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझी पोर भ्याली नाय."

तिच्या सासरी माणूस धाडला. घरात जाता येत नव्हतं म्हणून अंगणातच आडोसा केला. बायांनी तिला न्हाऊ घातलं. हात मी धुवू दिले नाहीत, फडकी तशीच ठेवली. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अंबूबाईने हिरव्या बांगड्या आणल्या तशी आईने बाळ तिच्याकडे दिलं आणि उठली. मी आडवी आले. म्हटलं, तू बस, मी भरते.

"तिला बांगड्या मीच भरत आले," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून खाली बसली.

काय करणार होते मी? सगळ्या बायांसमोर तिचे हात धरणार होते? तिने उजव्या हाताचं फडकं सोडलं. मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि तळवा उजेडाकडे धरला. मग डावा हात. मी तोंडात पदर कोंबला.

"भाजलंय," आई म्हणाली. माझ्याकडे बघितलं. "म्हंजी कळलं व्हतं तिला."

मी तिला धरायला वाकले, तर तिने माझा हात झिडकारला. तिने हळद मागितली. दोन्ही तळव्यांना लावली, लहान लेकराला लावतात तशी हलक्या हाताने. मग बांगड्या घेतल्या आणि सावकाश, एकही फुटू न देता, भरत बसली.