रोलंडचा चौथा डबा

आमच्या रोलंडने तीन फुगे सोडले आणि तिन्ही समुद्राला वाहिले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं आमचं लिंकनशर, इथला वारा समुद्राकडेच पळतो, त्याला कोण काय करणार! चौथ्या वेळी तो म्हणाला, "ग्लेंडा, हाही गेला तर सगळं सामान विकून टाकतो." मी हसले नाही. निवृत्त झाल्यापासून हा नवरा सकाळी अंथरुणातून उठतो तो या फुग्यांसाठीच.

फुग्याखाली थर्माकोलचा डबा, डब्यात कॅमेरा आणि काडेपेटीहून लहान ट्रान्समीटर. तो आपला ठावठिकाणा सुरात सांगत राहतो. देशभरातले हौशी लोक घरबसल्या तो सूर पकडून नकाशावर टाकतात. वरच्या थंडीने सूर सरकतो, मग सगळे रेडिओचं बटण फिरवत त्याच्या मागे लागतात.

चौथा फुगा वर गेला आणि बारा किलोमीटरवर उंचीचा आकडा अडकला. रोलंडने कपाळावर हात मारून घेतला. आपण उडतोय हे जीपीएसला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर एवढ्या उंचीवर कोणी असेल यावर त्याचा विश्वासच बसत नाही. हा सांगायला विसरला होता.

"डब्याला पांघरूण घातलंस आणि हे विसरलास?"

"बोल, बोल. संधी सोडू नकोस."

सूर तेवढा चालू होता. वेळेच्या हिशेबाने एव्हाना फुगा फुटून डबा खाली आला असणार, तरी जीपीएस काही भानावर येईना. शेवटी बाकीच्यांचा सूर तुटला, तेव्हा होलबीच गावाकडच्या एका माणसाने कळवलं, इथे सूर अजून खणखणीत आहे. आम्ही गाडी तिकडे दामटली.

बीटाच्या शेताच्या बांधावर उभा राहून रोलंडने अँटेना चारी दिशांना फिरवला. "काही नाही. गेला."

"अरे, वाजतोय की!"

"कुठे?"

त्याच्याच हातातल्या रेडिओत, खरखरीच्या मागे, सूर स्पष्ट येत होता. मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. घरी कॉम्प्युटर ऐकतो, म्हणून खपून गेलं."

"आणि मी समजतेय, तू मुद्दाम उत्तर देत नाहीस!"

"तेही थोडं खरं आहे."

असा संताप आला मला! "फिरव अँटेना," मी म्हणाले, "मी सांगते. डावीकडे. अजून. अरे, माझं डावं नाही, तुझं!"

चिखल तुडवत, भांडत आम्ही पोचलो. पानांत डबा आडवा पडला होता, शाबूत.

रोलंडने तो मांडीवर घेतला आणि तिथेच चिखलात बसकण मारली. रेडिओ कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला.

"अजून वाजतोय?"

"वाजतोय."

"कसा?"

मी त्या शेतात उभी राहून, माझ्या जाड्याभरड्या आवाजात, तोंडाने टुई-टुऊ, टुई-टुऊ करून दाखवलं. शेतमालक ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला. बघेना का!

"परत कर," रोलंड म्हणाला.

मी परत केलं.