चुन्याची रेघ

शेळ्यांनी पुसलेली चुन्याची रेघ रावजी वाकून पुन्हा ओढत होते. ही रेघ सरकारी होती. सिंगापूरकडून साथीचा ताप येत होता आणि परदेशातून आलेल्याला आठ दिवस वेगळं ठेवायचं, असा तालुक्याचा हुकूम होता. सॅनिटरी इन्स्पेक्टर देसायांनी शेळगावच्या मळ्यात, रावजींच्या खोपीभोवती ती एकदा आखून दिली. पुढची निगा रावजींनी घेतली. सरकारी कामाबद्दल त्यांना इतकी आस्था असल्याचं गावाला त्याआधी कधी आढळलं नव्हतं.

रेघेच्या आत त्यांचा मुलगा जयवंता होता आणि त्याची बायको मेई. घरात न सांगता तो पळाला, जहाजावर खलाशी झाला, सिंगापुरात लग्न केलं आणि सात वर्षांनी बायकोसकट दारात उभा राहिला. ‘असली सून माझ्या उंबऱ्याच्या आत यायची न्हाय,’ असं रावजी पारावर बोलून बसले. पारावर बोललेलं मागं घ्यायची सोय आपल्याकडं अजून निघालेली नाही. त्यामुळं हुकूम त्यांच्या पथ्यावरच पडला. पोराला घरात का घेत नाही, या प्रश्नाला आठ दिवस सरकारच उत्तर देत होतं.

मुलाशी ते बोलत नव्हते. भाकरी घेऊन येणाऱ्या बायकोला, प्रयागबाईला, ऐकवत.

“तिला सांग, वांग्याची रोपं अशी दाटीवाटीनं लावत्यात व्हय?”

“ती समोरच हाय. तुमीच सांगा की.”

“मी कशाला सांगू? माझं काय नातं?”

मेई त्यांच्या हातवाऱ्यांवरून ओळखायची आणि रोपं काढून लांब लांब लावायची. प्रयागबाई नसली की रावजी बाभळीला ऐकवत. आठवडाभरात त्या बाभळीला शेतीतलं बरंच कळू लागलं होतं.

आज शेवटचा दिवस. देसायांनी रेघेबाहेरूनच चौकशी केली. ताप नाही, खोकला नाही.

“उद्या सकाळी तुम्ही मोकळे,” ते म्हणाले.

“सकाळच्याच यष्टीनं जातो,” जयवंता म्हणाला. “मुंबईत खोली बघतो. आये, आता काय परत येणं व्हायचं न्हाय.”

प्रयागबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

रावजींनी चुन्याची पाटी खाली ठेवली, धोतर सावरलं, रेघ ओलांडली आणि वाफ्याच्या कडेला जाऊन बसले.

“आबा, अहो, रेघ,” देसाई म्हणाले.

“म्हायती हाय. मीच ओढलीया.”

“आत गेलेल्याला आठ दिवस आतच राहावं लागतं. शिवाय सगळ्यांचीच मुदत पहिल्यापासून धरावी लागते.”

“व्हय. परवा पारावर तुमीच सांगितलं.”

देसाई भला माणूस. त्यांनी आवाज उतरवला. “चुकून पाय पडला असं समजतो. या बाहेर.”

रावजींनी बांधापलीकडं पाहिलं. शेजारचा म्हस्कू औत थांबवून उभा होता, म्हणजे दिवस मावळायच्या आत गावाला कळणार होतं. मग त्यांनी सुनेकडं वळून ओंजळ तोंडाशी नेली.

“पाणी.”

मेईनं तांब्या भरला आणि नवऱ्याकडं बघत थबकली. जयवंता जमिनीकडं बघत होता. तिनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. रावजींनी तो वरून न ओतता ओठाला लावला, रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

“आता?” त्यांनी देसायांना विचारलं.

“आता इलाज नाही.”

“ऐकलंस का रं?” सात वर्षांनी रावजी थेट मुलाशी बोलले. “कायदा हाय. मला इचारू नगंस.”

प्रयागबाई टोपली रेघेशी ठेवून घराच्या वाटेला लागली होती.

“तू कुठं निघालीस?”

“तुमची वाकळ आणाया.” चार पावलं गेल्यावर ती वळून न बघताच म्हणाली, “अन् माझीबी.”

“आन् मग भाकरी कोण आणंल?”

“ते सरकार बघंल.”