दोन बाह्यांच्या दाव्याची खरी नक्कल

मी एक खरी नक्कल बोलतेय. खरी असेन तर नक्कल कशी आणि नक्कल असेन तर खरी कशी, हे मला विचारू नका. कोर्टाच्या कारकुनाने माझ्या कपाळावर तसा शिक्काच मारलाय. अस्सल हुकूमनामा दप्तरात पाय पसरून पडलेला असतो. उन्हातान्हात हिंडायचं ते नकलेनं.

माझ्या पोटात फार काही नाही. दावा फेटाळला, आणि वादीने प्रतिवादीला तिचा कोर्टखर्च भरून द्यावा, एवढंच. पण त्या दोन ओळींसाठी एका बाईची दोन वर्षं गेली.

ती प्रतिवादी म्हणजे शिलाईच्या दुकानातल्या मावशी. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना मावशीच म्हणायची. वादी म्हणजे सीमेवरच्या पुलापलीकडे, परक्या देशात राहणारा एक बँडमास्तर. तिथे मनासारखा शिंपी मिळेना, म्हणून तो काळा कोट शिवायला मावशींकडे आला.

तीस वर्षं वादकांपुढे उभं राहून छडी फिरवल्यामुळे म्हणा किंवा जन्मापासून म्हणा, त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब होता. मावशींच्या टेपाला ते लगेच कळलं. पण माणसाच्या अंगातलं वैगुण्य त्याच्या तोंडावर काढायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी गुपचूप उजवी बाही बोटभर लांब कापली.

बँडमास्तरानं घरी जाऊन कोट टेबलावर पसरला, बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं कोट अंगात घालूनही पाहिला नाही. "त्या बाईला दोन बाह्या सारख्या कापता येत नाहीत," असं त्यानं पुलाच्या दोन्ही बाजूंना सांगत सुटायचं ठरवलं, आणि सांगितलंही. मग पूल ओलांडून आमच्या कोर्टात दावा ठोकला. कोटाचे पैसे परत हवेत आणि वर मनस्तापाची भरपाई.

मावशींचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. दाव्यासाठी त्यांनी काज-बटणाचं मशीन विकलं. त्यांची वकील त्यांची सख्खी भाची होती, पण "भाची झाली म्हणून फुकट राबवायचं नाही" हाही मावशींचा नेमच. नेमांनीच त्यांना खड्ड्यात घातलं होतं म्हणा.

शेवटी न्यायाधीशांनी एका तज्ज्ञ शिंप्याला बोलावलं आणि बँडमास्तराला भर कोर्टात तो कोट घालायला लावला. तज्ज्ञानं आधी कोट मोजला, मग माणूस मोजला. न्यायाधीश म्हणाले, "दावा कोटावर करायचा की हातावर, हे वादीने आधी ठरवायला हवं होतं." कोर्ट हसलं. बँडमास्तराला वाटलं, परक्या मुलखात सगळे मिळून आपली टिंगल करताहेत. तो ताडताड पूल ओलांडून निघून गेला आणि खर्चाचा एक पैसाही त्यानं दिला नाही.

"वसूल कर की," मावशी भाचीला म्हणाल्या.

"मावशी, आपल्या कोर्टाचा हुकूम पुलाच्या मध्यापर्यंतच चालतो. पलीकडे तो नुसता कागद. तिथल्या कोर्टात नोंदवला, की मग तिथला बेलीफ बँडमास्तराच्या दारात जप्तीला जाईल."

"म्हणजे जिंकूनही मीच खेटे घालायचे?"

"तू नाही, कागद घालेल."

तो कागद म्हणजे मी. यंत्रातून गरमागरम बाहेर आले तेव्हा किती कोरीकरकरीत होते. मग शिक्के सुरू झाले. खरी नक्कल असल्याचा शिक्का. अपील झालं नसल्याचा दाखला. शिक्का मारणाऱ्याची सही खरी आहे असं सांगणारा दुसरा शिक्का, आणि त्या दुसऱ्याची सही खरी आहे असं सांगणारा तिसरा. मुलीचं स्थळ ठरवताना इतकी चौकशी होत नसेल. शेवटी माझं परक्या भाषेत भाषांतर करून, मला त्याच्याशी दोऱ्यानं बांधून सासरी पाठवलं.

सासरच्या नोंदणी खिडकीवरच्या कारकुनानं चष्मा कपाळावर सारला. "यात 'दंड' लिहिलंय. परक्या सरकारचा दंड आम्ही वसूल करत नाही."

भाषांतरकारानं घोळ घातला होता. त्याला 'खर्च' हा शब्द फार मिळमिळीत वाटला, म्हणून त्यानं जरा वजनदार शब्द घातला होता. त्या वजनानं मी थेट माहेरी परत. भाचीनं भाषांतरकाराला फोनवर जे काही ऐकवलं, त्याचं भाषांतर मी करणार नाही.

दुसऱ्या खेपेला मी गेले तेव्हा बँडमास्तराच्या वकिलानं हरकत घेतली. त्याचा आवाज मोठा भारदस्त होता. "बाईसाहेब, परदेशात चाललेल्या या दाव्याची माझ्या अशिलाला पुरेशी सूचनाच मिळाली नव्हती."

तिथल्या न्यायाधीश बाईंनी मला उलटंसुलटं केलं. "दावा कुणी दाखल केला होता?"

वकील थोडा वेळ आपल्या कागदांत काहीतरी शोधत राहिला. "माझ्या अशिलानं."

"मग ती सूचना त्यांनी स्वतःच स्वतःला द्यायची होती."

माझी नोंदणी झाली. अंगावर नवा नंबर चढला. आता मी त्या देशाच्या हुकमाइतकीच हुकूम होते. खोटं कशाला बोलू, मला जरा मिजास आली.

एका सकाळी बेलीफ मला बॅगेत घालून बँडमास्तराच्या घरी गेला. हा बेलीफ इतका सौम्य, की जप्तीला जातानाही पायपुसण्यावर बूट पुसून आत शिरायचा. त्यानं घर पाहिलं. घर बायकोच्या नावावर. पियानो बँडचा. मग कपाट उघडलं, तर आत तो काळा कोट.

"नेहमीच्या वापरातला कपडा मला जप्त करता येत नाही," बेलीफ म्हणाला. "हा तुम्ही वापरता का?"

बँडमास्तर पेचात पडला. नाही म्हणावं तर कोट जाणार, हो म्हणावं तर नाक जाणार.

"वापरतो," तो पुटपुटला.

"घडी तर मोडलेली दिसत नाही."

"घालून दाखवा ना त्यांना," दारात उभी असलेली त्याची बायको म्हणाली.

त्यानं कोट चढवला. कोर्टात आरसा नव्हता, इथे कपाटालाच होता. त्यानं हात खाली सोडले. दोन्ही बाह्या मनगटांवर अगदी एकाच जागी येऊन थांबल्या होत्या. त्यानं उजवा हात वर केला, छडी धरावी तसा. कोट कुठेही ओढला नाही. बराच वेळ तो आरशासमोरून हलला नाही.

"इतकी वर्षं तुमच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही तोकडी पडते," बायको म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुमचाच हात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बेलीफ खिडकीबाहेर बघायला लागला. ते काही त्याच्या कामात बसत नव्हतं, पण माणूस भला होता.

आठवड्याभरात बँडमास्तर स्वतः कोर्टात आला आणि त्यानं सगळी रक्कम भरली. माझ्यावर 'वसूल' असा निळा शिक्का बसला. तरी तो खिडकीपासून हलेना.

"त्या बाईंना पैशांबरोबर चार शब्द पाठवता येतील का?" त्यानं विचारलं.

कारकुनानं फॉर्म खालीवर पाहिला. "तसा रकाना नाही."

"मग कोरा कागद द्या."

त्यानं लिहिलं, "कोट मला उत्तम बसतो. तुम्ही माझं वैगुण्य झाकलंत आणि मी तुमचं नाव खराब केलं. चूक माझी." घडी करून त्यानं ती चिठ्ठी कारकुनाला दिली, आणि आपलं ओझं उतरलं असं समजून तो गेला.

कारकुनाची पंचाईत झाली. चिठ्ठीला नंबर नाही, तिकीट नाही, जावक वहीत कुठल्या सदरात चढवायची ते ठाऊक नाही. फेकून द्यायचंही त्याच्या जिवावर आलं. त्यानं ती टाचणीनं माझ्या पाठीला टोचली आणि फाइल मिटली.

महिन्याभरानं भाचीचं पत्र आलं. पैसे पोचले, मावशींनी मशीन परत घेतलं. खाली एक ओळ होती, "मावशी विचारतात, ते काही म्हणाले का?"

कारकून नेमका रजेवर होता. बदलीवरच्यानं पत्रावर शेरा मारला, "फाइल बंद. उत्तराची गरज नाही." आणि तेही माझ्याच दोऱ्यात ओवलं.

आता मी पुलापलीकडच्या या कोर्टाच्या तळघरात, खालून तिसऱ्या फळीवर आहे. पाठीला चिठ्ठी, पोटाशी पत्र. प्रश्न आणि उत्तर यांच्यात मी एकटीच आडवी, आणि मला हलता येत नाही. बारा वर्षं झाली की आम्हाला कातरयंत्रात घालतात. मला त्याचं दुःख नाही, माझं काम झालं.

पण कुणी कधी कामानिमित्त या तळघरात उतरलात, तर एवढं करा. टाचणी सांभाळून काढा, गंजली आहे. चिठ्ठी मावशींना नेऊन द्या. त्यांचा पत्ता माझ्या पहिल्याच पानावर आहे, आणि तो तीन-तीन शिक्क्यांनी खरा ठरलेला आहे.