नावाने नव्हे, मापाने

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून नाना निवृत्त झाले, पण त्यांची गाडी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. फिकट हिरवी, गोल दिव्यांची ती गाडी त्यांनी लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली. "आधी सवत आली, मग मी," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

यंदा काकूंच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि गाडीचे मागचे दोन्ही शॉकअपही त्याच सुमारास गेले. खड्डा मागे पडला तरी गाडी आपली डुलतच राही. एक दिवस काकूंनी जाहीर केलं, "तुम्ही या गाडीने. मी बसने जाते." आणि खरंच गेल्या.

नानांच्या ते जिव्हारी लागलं. गाडीचं मॉडेल, साल, पार्ट नंबर सुवाच्य अक्षरात लिहून ते दुकानोदुकानी फिरले. एकाने कागद वाचून हातच जोडले. दुसरा म्हणाला, "काका, हे बनवणारेच उरले नाहीत, तर सुटे भाग कुठले?" भंगारात एक मिळाला, पण तो दाबला की वर यायचं नाव घेईना.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गाडीचाच जुना शॉकअप काढून घरी आणला आणि शिवणयंत्राशेजारी ठेवून त्याच्याकडे बघत बसले. काकू ब्लाऊजला काजं करत होत्या.

"याचं माप काय?" त्यांनी विचारलं.

"मापाचं काय करायचंय? पार्ट नंबर आहे ना!"

"गिऱ्हाइकाचं नाव विचारून मी कापड बेतते का?"

काकूंनी गळ्यातली टेप काढली. दाबून केवढा, ताणून केवढा, दोन्ही टोकांची भोकं केवढी, सगळं मापाच्या वहीत उतरवलं. दाबून धरताना नानांना घाम फुटला, तर म्हणाल्या, "हलू नका, माप चुकेल."

दुसऱ्या दिवशी दोघं गॅरेजच्या मेस्त्रीकडे गेले. वही वाचून मेस्त्री आधी हसला. "छाती-कंबर लिहिली नाहीत, हे नशीब!" मग हसायचा थांबला, माळ्यावर चढला आणि एका छोट्या डिलिव्हरी व्हॅनची कोरी जोडी घेऊन उतरला. लांबी तंतोतंत जुळली. भोकं तेवढी सैल होती.

"मग आतून पट्टी लावा," काकू म्हणाल्या.

"काकू, त्याला बुश म्हणतात. लेथवाला करून देईल."

"तेच म्हणतेय मी."

चार दिवसांत बुश झाले, शॉकअप बसले. मेस्त्रीने मागून गाडी जोरात दाबून सोडली. ती एकदाच वर आली आणि शहाण्यासारखी थांबली. नानांचे डोळे भरून आले. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

रविवारी काकूंना बहिणीकडे जायचं होतं. त्या गाडीत पुढे येऊन बसल्या. पहिला खड्डा आला तेव्हा त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली, दुसऱ्याला सोडली. पुलापलीकडे त्यांचं बोलणं थांबलं, म्हणून नानांनी वळून पाहिलं. काकू मान कलंडून गाढ झोपल्या होत्या. ऑपरेशननंतर त्यांची इतकी शांत झोप नानांनी पाहिली नव्हती.

मेहुणी दारात उभी राहून हात हलवत होती. नानांनीही हात हलवला आणि गाडी न थांबवता तशीच हळूच पुढे काढली.