सासूबाईंची कवळी

बाळ झाल्यापासून सुनेच्या कामाच्या टेबलावर दुपट्यांचा ढीग साठला होता. त्याआधी तिथे कवळ्या बनायच्या. दातांच्या डॉक्टर बाई पेशंटच्या जबड्याची मापं पाठवायच्या, ती दात बसवून द्यायची. आता बाळ रांगायला लागलं तरी एकही माप आलं नव्हतं. स्वतःहून फोन करायला ती धजत नव्हती. ‘आता दुसरीकडे देतो’ हे ऐकायचं कोणी?

त्यात सासूबाईंचं नवीनच. सुनेनेच केलेली कवळी टोचते म्हणून त्या दर सोमवारी त्याच दवाखान्यात जाऊन बसायच्या.

“आई, मला द्या ना, मी घासून देते.”

“तू बाळाचं बघ. डॉक्टरांचा हात हलका आहे.”

सुनेच्या मनात आलं, भरल्या दवाखान्यात माझ्या कामाला नावं ठेवून झाली, की मला काम देणार कोण?

पुढच्या सोमवारी बाळाला कडेवर घेऊन ती मागोमाग निघाली आणि दवाखान्याच्या दारातच थबकली. सासूबाईंनी कवळी काढून हातरुमालावर ठेवली होती आणि शेजारी बसलेले एक आजोबा चष्मा सावरून ती न्याहाळत होते.

“सुनेचं काम आहे,” सासूबाई बोळक्या तोंडाने सांगत होत्या. “कच्चं गाजर खाते मी.”

“मग इथे कशाला येता?”

“घरी बसून काय करू?”

डॉक्टर बाईंनी सुनेला आत बोलावलं. “त्यांच्या कवळीत काही खोट नाही गं. मी नुसतं मशीन फिरवल्यासारखं करते.”

“मग त्या…”

“तुझी खबर देतात. बाळ आता रात्री झोपतं, तू दुपारी मोकळी असतेस. परवा एक जण कवळ्या स्वस्तात करून देतो म्हणत आला, तर काउंटरवरच्या मुलीनेच त्याला वाटेला लावलं. म्हणे, आमचं माणूस ठरलेलं आहे. मीच थांबले होते, बाळंतिणीला कशाला टोकायचं म्हणून. बाहेरच्या आजोबांचं माप घेते आता. त्यांना तुझ्याच हातची हवीय.”

घरी जाताना सुनेने हळूच विचारलं, “खरंच टोचते का हो, आई?”

“छे. टोचायला काय झालंय तिला.”

“मग आता नका जाऊ सोमवारी. काम तर मिळालं.”

“काम मिळालं की जायचं बंद? बरं दिसतं का ते? त्या काउंटरवरच्या पोरीच्या आईचं ऑपरेशन आहे, विचारपूस नको करायला?” सासूबाईंनी बाळाच्या मुठीतून आपला रुमाल सोडवला. “आणि तूही येत जा. मी एकटीनेच किती दिवस टोचून घ्यायचं?”